आमची वाटचाल : एसएमपीएस तोलून देणारं दुकान

आमच्या काउंटरवर एक वजनकाटा आहे. किराणा दुकानात असतो तसाच. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ताई, कॉम्प्युटर किलोवर देता काय?" कॉम्प्युटर नाही, पण एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा, आम्ही खरंच तोलून दाखवतो. '४५० वॅट' असं ठसठशीत छापलेला लोकल डबा पाऊण किलोच्या आसपास भरतो आणि तेवढ्याच वॅटचा चांगला डबा त्याच्या दुप्पट. तांब्याला, उष्णता खेचणाऱ्या हीटसिंकला, वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरला वजन असतं, स्टिकरला नसतं. अर्थात काट्यालाही फसवणारे भेटलेत. एका डब्यात वजनासाठी आतून चिकटवलेली लोखंडी पट्टी निघाली. ती अजून आमच्या ड्रॉवरमध्ये आहे.

२००३ साली मी आणि धाकट्या भावानं इचलकरंजीत दहा बाय बाराच्या गाळ्यात दुकान टाकलं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, तो बोलण्यात पटाईत. तेव्हाच्या कोटेशनमध्ये प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्डडिस्क, मॉनिटर, कॅबिनेट अशा ओळी असत. एसएमपीएसची ओळच नसे. तो कॅबिनेटच्या पोटात बसूनच यायचा, साडीवर ब्लाउजपीस यावा तसा. गिऱ्हाईक विचारत नसे, आम्हीही सांगत नसू. पहिली पाच-सहा वर्षं आम्हीही तेच डबे विकले, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिला दणका लवकरच बसला. त्या डब्यांच्या पाठीमागे एक लाल बटण असायचं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. एका घरी मशीन जोडलं, काकूंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि मी स्विच दाबला. फाट्! धूर, जळका वास, घरातली लाईटही गेली. बटण ११५ वर होतं. त्या खुणेवर आतलं सर्किट आलेलं व्होल्टेज दुप्पट करून घेतं, त्यात आपले २३० गेल्यावर दुसरं काय होणार! काकू भटजींना मुहूर्त विचारायला निघाल्या होत्या. चूक मुहूर्ताची नाही, माझी आहे, हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

पण खरा धडा दिला तो एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसनं. मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांचा कॉम्प्युटर दिवसातून चार-पाच वेळा आपोआप रिस्टार्ट व्हायचा. आम्ही रॅम काढून खोडरबरनं घासली. विंडोज टाकलं. रॅम बदलली. पुन्हा विंडोज टाकलं. व्हायरस असेल म्हणून अँटिव्हायरसचे पैसेही घेतले. तिसऱ्या महिन्यात अण्णा म्हणाले, "ताई, तुमच्यापेक्षा माझा जॉबर बरा. मागाचा आवाज ऐकून सांगतो काय मोडलंय ते."

ते लागलं. दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर घेऊन जाऊन बसले. आधी एसएमपीएस सुटा करून चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीशी जोडली, की डबा मदरबोर्डाशिवाय सुरू होतो. पिवळी वायर, बारा व्होल्टची, १२.१ दाखवत होती, लाल, पाच व्होल्टची, ५.०. सगळं ठणठणीत. मग परत जोडलं, सीडी लिहायला लावली, सोबत अण्णांच्या मुलाचा गेम चालू केला आणि प्रोब पिवळ्या वायरवर धरून ठेवला. ११.६… ११.३… ११.१ आणि स्क्रीन काळी. बारा व्होल्टच्या वायरवर पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. त्याखाली गेलं की मशीननं मान टाकलीच समजा. भार नसताना घेतलेलं रीडिंग बघून आम्ही तीन महिने एसएमपीएसला निर्दोष सोडत होतो.

डबा उघडला तर पंख्याच्या जाळीवर सुताच्या तंतूंचा थर, गोधडीतल्या कापसासारखा. आत दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली. (तुम्ही डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.) शिवाय भारनियमनाचे दिवस. लाईट आली की आळीतले माग एकदम सुरू व्हायचे आणि ट्यूब फडफडायची. असा झटका चांगला एसएमपीएस आपल्या साठ्यावर निभावतो. साठा फार नसतो, १६ मिलिसेकंदांच्या आसपास, पण बऱ्याचदा तेवढाच लागतो. फुगलेल्या कपॅसिटरांकडे तोही नव्हता. नवा डबा बसवला, अँटिव्हायरसचे पैसे परत केले आणि पंख्याची जाळी दर महिन्याला ब्लोअरनं साफ करायला एक पोरगा लावून दिला.

त्यानंतर कोटेशनमध्ये एसएमपीएसची वेगळी ओळ आली. किंमत लोकलच्या चौपट. भाऊ म्हणाला, "गिऱ्हाईक पळेल." पळालंच. त्या दिवाळीत समोरच्या गाळ्यात गर्दी आणि आम्ही पेपर वाचत बसलेलो. वर्षभरानं तीच माणसं जळके डबे घेऊन दुकानात यायला लागली, तेव्हा काटा विकत आणला.

चांगला माल विकला म्हणून तक्रारी थांबतात, असं नाही. नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे लाईनमधून वीज एकसारखी ओढणारं सर्किट, आलं आणि जुन्या ६०० व्हीएच्या यूपीएसशी त्याचं पटेना. लाईट गेली की यूपीएस 'टीं' करून बंद. "जुन्यावर चालत होतं की," हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकलं असेल. स्वस्त यूपीएस बॅटरीवर घरच्या विजेसारखी गुळगुळीत साइन वेव्ह देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो, आणि ६०० व्हीएचे वॅट साधारण ३६०च असतात. आता आम्ही आधी गिऱ्हाईकाच्या यूपीएसचा फोटो मागवतो.

२०२० नंतर गेमिंगवाली मुलं आली. ती व्हिडिओ बघून ८५० वॅट ठरवूनच येतात. मी कागद घेते : आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड १७० वॅट, आय-५ १२४०० प्रोसेसर जोरात असताना ११७, बाकी पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ६०-७०. झाले साडेतीनशे. कार्ड क्षणभर उसळी घेतं, त्याला जागा ठेवून चांगला ५५० पुरतो. उरलेल्या पैशात एसएसडी मोठी घे. मुलं नाराज होतात, वडील खूश.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र आमच्याच दुकानात काम करणाऱ्या पोराची. त्यानं एका फोटोग्राफरच्या मशीनमध्ये नवा मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता-लावता येणारा, एसएमपीएस बसवला आणि वायर कमी पडली म्हणून कपाटातली दुसऱ्या कंपनीची लावली. भोक तेच, वायर बसली चपखल. पण डब्याकडच्या टोकाला कुठली पिन कशाची, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले आणि दोन हार्डडिस्क गेल्या. अख्ख्या लग्नसराईचे फोटो. पुण्याला पाठवल्या. डिस्कच्या बोर्डावरच्या संरक्षक डायोडनं स्वतः जळून बाकीचं वाचवलं होतं, म्हणून डेटा आला. खर्च आम्ही भरला. तेव्हापासून दुकानातली प्रत्येक सुटी वायर तिच्या डब्याच्या नावाच्या पिशवीत असते. पोरगा अजून आमच्याकडेच आहे, पिशव्यांवर नावं तोच लिहितो.

अण्णांनी मागच्या वर्षी नवं ऑफिस बांधलं. मशीन आमचंच, एसएमपीएस दोन किलोचा. चार दिवसांनी फोन : "ताई, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात." हे बहुतेक वेळा अर्थिंगचं दुखणं. एसएमपीएसमधल्या फिल्टरचा किंचित करंट अर्थमधून जायला हवा, अर्थ नसला की कॅबिनेटवर शंभर-एक व्होल्ट तरंगत राहतात. मल्टीमीटरचा एक प्रोब फेजला, दुसरा अर्थच्या भोकात. २३० दिसायला हवे होते, आकडा धड कुठंच थांबेना. वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, "अर्थिंग केलंय की मॅडम, चला दाखवतो." हिरवी वायर खिडकीतून गॅलरीत गेली होती आणि तिचं टोक तुळशीच्या कुंडीत नीट खोल खोचलेलं होतं. ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे.