इंडेक्स असूनही क्वेरी का रेंगाळते?

लातूरच्या मोंढ्यात दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढली की आडतीवरचं सॉफ्टवेअर जड चालायला लागतं. पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) निघेपर्यंत शेतकरी काउंटरपाशी ताटकळतो. अशा वेळी रॅम वाढवायची घाई करू नका. दुखणं बहुधा एखाद-दुसऱ्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या मागणीत, असतं.

आधी ती क्वेरी पकडा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये 'लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंट' हे सेटिंग 500 मिलिसेकंदांवर ठेवलं की अर्धा सेकंद आणि त्याहून जास्त घेणारी प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये उतरते. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये स्लो क्वेरी लॉगची मर्यादा मुळात 10 सेकंद असते. ती 1 वर आणा.

मग 'एक्सप्लेन अॅनालाइझ' लावून तीच क्वेरी चालवा, म्हणजे डेटाबेसने ती कशी चालवली तो प्लॅन दिसतो. पोस्टग्रेसमध्ये ती खरोखर चालते, म्हणून अपडेट किंवा डिलीट असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच, म्हणजे बदल मागे घेतला जातो. प्लॅनमध्ये पहिल्यांदा बघायचं ते अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांतलं अंतर. प्लॅनरने (प्लॅन ठरवणाऱ्या भागाने) 10 ओळी धरल्या आणि निघाल्या 2 लाख, तर त्याने स्वस्त समजून घेतलेला नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्यात शोधणं) आतल्या बाजूला 2 लाख वेळा फिरतो. इथं नवा इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) नको, टेबलातल्या डेटाची ताजी आकडेवारी हवी. पोस्टग्रेस ती आपोआप गोळा करतो, पण 50 अधिक टेबलाच्या 10 टक्के ओळी बदलल्यावर. टेबलात पाच-सहा वर्षांच्या पट्ट्या असतील तर हंगामाच्या पहिल्या आठवड्याची आवक तेवढी भरतच नाही. प्लॅनरच्या लेखी त्या तारखांना माल जवळपास आलेलाच नसतो. त्या टेबलापुरतं हे प्रमाण 2 टक्क्यांवर आणा, आणि आज अडलं असेल तर हाताने अॅनालाइझ चालवा.

ओळींचा अंदाज बरोबर आणि तरी पूर्ण टेबल स्कॅन दिसतोय? मग क्वेरीतली 'व्हेअर'ची अट नीट वाचा. तारखेच्या कॉलमभोवती महिना किंवा वर्ष काढणारं फंक्शन गुंडाळलं की त्या कॉलमचा साधा इंडेक्स कामाचा राहत नाही. '1 ऑक्टोबरपासून, 1 नोव्हेंबरच्या आधी' अशी थेट हद्द लिहा. मायएसक्यूएलमध्ये आणखी एक फसवी जागा आहे: मोबाइल नंबर व्हारकॅरमध्ये (मजकुराच्या कॉलममध्ये) साठवलेला आणि क्वेरीत अवतरणचिन्हांशिवाय आकडा. तुलना आकड्यांत होते, इंडेक्स बाजूला पडतो.

एका आडतीच्या महिन्याच्या पट्ट्या काढायच्या तर इंडेक्स दोन कॉलमांचा करा: आधी आडत नंबर, मग तारीख. बरोबरीची अट पुढे, हद्दीची मागे. उलटं केलं तर त्या महिन्याच्या सगळ्या आडतींच्या नोंदी चाळाव्या लागतात.

पोस्टग्रेसमध्ये सौदे चालू असताना साधा क्रिएट इंडेक्स देऊ नका. तो होईपर्यंत त्या टेबलात नवी नोंद पडत नाही. 'कॉन्करंटली' जोडा. वेळ जास्त लागतो, ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, आणि मध्येच तुटला तर इन्व्हॅलिड (निकामी) इंडेक्स मागे राहतो. तो क्वेरीला मदत करत नाही, पण प्रत्येक नोंदीवर भार टाकत राहू शकतो. तो ड्रॉप करा आणि मोंढा बंद झाल्यावर पुन्हा बांधा.