90 खिळे आणि एल्वार्ग

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की मुक्काम मळ्यातच. ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायचे, लाइट जाऊन आली की मोटार चालू झाली का ते पाहायचं, बाकी वेळ नुसतं जागं राहायचं. या जागरणांत मी मोबाइलवर 'ओल्ड स्कूल रूनस्केप' हा ऑनलाइन खेळ खेळायला लागलो, तेही 'आयर्नमॅन' म्हणून, म्हणजे सगळं स्वतःच कमवणारा खेळाडू. त्यातला 'ड्रॅगन स्लेयर' हा क्वेस्ट, म्हणजे एल्वार्ग नावाच्या ड्रॅगनला मारायची कामगिरी, एकट्याने कसा पार पाडला, ते सांगतो.

हजारो लोक एकाच जगात असलेला खेळ, मग एकटं कशाला खेळायचं, असं मित्र विचारतात. मी आधी दुसऱ्या एका खेळात गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या टोळीत होतो. तिथे रात्री दहाला सगळे जमणार म्हणजे जमणार. ऐन लढाईत माझ्याकडची लाइट गेली की बाकीचे लटकायचे. लोक चांगले होते, पण दुसऱ्याच्या घड्याळावर चालणं शेतकऱ्याला जमत नाही. मग 2012 साली आलेला 'गिल्ड वॉर्स 2' लॅपटॉपवर खेळून पाहिला. तिथे शेजारी कोणीही लढत असला तरी बक्षीस ज्याचं त्याला वेगळं मिळतं, टोळी करावी लागत नाही. छान खेळ आहे, पण लॅपटॉप मळ्यात नेऊन भागत नाही.

रूनस्केपची गोष्ट वेगळी. 2018 पासून तो मोबाइलवर आहे आणि त्याचा बराच भाग फुकट आहे. या खेळाचा ठोका 0.6 सेकंदाचा, सर्व्हर तेवढ्या अंतराने तुमची हालचाल मोजतो. त्यामुळे मळ्यातल्या अर्ध्यामुर्ध्या रेंजवरही गाडी अडत नाही.

आयर्नमॅनचा नियम आधी खेळाडूंनीच स्वतःवर घालून घेतला होता, 2014 साली कंपनीने तो अधिकृत केला. कोणाशी देवाणघेवाण नाही, ग्रँड एक्स्चेंजच्या बाजारात खरेदी नाही, दुसऱ्याने टाकलेली वस्तू उचलायची नाही. जे हवं ते स्वतः खणायचं, कापायचं, ठोकायचं.

ड्रॅगन स्लेयरला आधी 32 क्वेस्ट पॉइंट लागतात. ते छोट्या कामांतून जमतात, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुढे एल्वार्गच्या क्रँडॉर बेटावर नेणाऱ्या नकाशाचे तीन तुकडे शोधायचे. एक मेल्झारच्या भुलभुलैयात, तिथे रंगीत चाव्यांसाठी एकेक राक्षस मारत जावं लागतं. दुसरा बुटक्यांच्या खाणीत, एका दाराआड. ते दार उघडायला रेशीम, लॉबस्टरचा पिंजरा, एक ठरावीक दारू आणि न भाजलेलं मातीचं भांडं लागतं. माती मी खणली, भिजवली आणि चाकावर भांडं केलं. तिसरा तुकडा तुरुंगातल्या वर्मब्रेनकडे. त्याला मारूनही तो मिळतो, पण मी 10,000 नाणी मोजली. ती कमवायला किती रात्री गेल्या ते माझं मला माहीत.

खरी कसोटी पुढेच लागते. क्रँडॉर बेटावर जायला 2,000 नाण्यांना जुनं जहाज घ्यायचं. त्याच्या भोकाला तीन फळ्या आणि 90 पोलादी खिळे. साधा खेळाडू हे खिळे बाजारातून मिनिटात उचलतो. आयर्नमॅनला एका पोलादी कांबीतून 15 खिळे मिळतात, म्हणजे सहा कांबी. कांबीमागे एक लोखंड आणि दोन कोळसे. पोलाद वितळवायला स्मिथिंगची, म्हणजे लोहारकामाची, पातळी 30 हवी, खिळे ठोकायला 34. तिथपर्यंत पोचण्यासाठी मी बार्बेरियन व्हिलेजच्या खाणीत बसून राहायचो. एक व्हॉल्व्ह भिजेपर्यंत पिशवीचे 28 खाने भरायचे, मग उठून दुसरा व्हॉल्व्ह उघडायचा. शेवटचे 15 खिळे ऐरणीवर पडले तेव्हा पहाटेचे आप्पा डबा घेऊन आले. म्हणाले, "रातभर काय करी ऱ्हायना रे तू?" मी त्यांना खिळे दाखवले. त्यांनी मोबाइल हातात घेऊन नीट पाहिलं आणि म्हणाले, "नव्वद पुरतीन का?"

मग शिदोरी. करामजाच्या धक्क्यावर लॉबस्टर पकडायला फिशिंग 40 लागतं. जायला 30 नाणी, यायला 30. तिथे माझ्याशेजारी कायम पाच-सहा जण पिंजरे टाकून बसलेले. कोणी ब्राझीलचा, कोणी पोलंडचा. कोणाची पातळी वाढली की सगळे 'ग्राट्झ' (अभिनंदन) लिहितात, मीही लिहितो. मुक्ताईच्या यात्रेत एकटा गेलेला माणूस जसा एकटा नसतो, तसंच हे. ही गर्दी नसती तर मी केव्हाच कंटाळलो असतो. 2006 साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या खेळाडूंच्या एका अभ्यासातही हेच मांडलंय, की एकटं खेळणाऱ्याला भोवतालचे लोक प्रेक्षक म्हणून आणि सोबत म्हणून हवे असतात.

एल्वार्ग ही ड्रॅगन पातळी 83 ची. लंब्रिजच्या ड्यूककडची खास ढाल हातात नसेल तर तिच्या आगीपुढे टिकणं कठीण. माझ्याकडे ढाल, अल खरीद गावच्या दुकानातली मिथ्रिल या खेळातल्या धातूची वाकडी तलवार आणि पिशवीभर लॉबस्टर. लढाई लांबली, कारण मिथ्रिलचा घाव हलका. लॉबस्टर 12 ने जीव भरतो, तेवढाच ती पुढच्या दोन घावांत काढून घेते. खाणं संपत आलं तेव्हा ती पडली. मी मोबाइल बाजेवर ठेवून शेडबाहेर दोन चकरा मारल्या, इतका आनंद झाला होता!

या क्वेस्टनंतर रून प्लेटबॉडी हे भारी चिलखत घालायची परवानगी मिळते. ते मात्र विकत घ्यावं लागतं, दुकानात 80 हजारांहून जास्त नाणी. ती जमवणं सध्या चालू आहे.

कोणाला सुरू करायचं असेल तर ट्युटोरियल आयलंड, म्हणजे सुरुवातीचं शिकायचं बेट, सोडण्याआधीच आयर्नमॅन निवडा. आयर्नमॅनचं खातं पुढे साधं करता येतं, साध्याचं आयर्नमॅन होत नाही. आणि 'हार्डकोअर' या आयर्नमॅनच्या कडक प्रकाराच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्यात एकदा मेलं की तो दर्जा जातो, आणि मळ्यातली रेंज कधी दगा देईल याचा भरवसा नाही.