राखेची दरी आणि सॅमनची नदी : अलास्कातल्या कॅटमायमधला एक दिवस

अस्वलं बघायला कॅटमायला जायचं ठरवलंत तर एक दिवस धुक्यात जाईल असं धरूनच बेत आखा. आमचा गेला. किंग सॅमन गावात नदीकाठी सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत बसून राहिलो, ढग झाडांच्या शेंड्यांवरून हलले नाहीत आणि एकही विमान सुटलं नाही. ताईने हट्टाने तीन रात्रींचं बुकिंग केलं होतं म्हणून दुसरा दिवस हाती राहिला. आमच्याबरोबर थांबलेलं एक जोडपं त्याच संध्याकाळच्या विमानाने अँकरेजला परत गेलं, अस्वल न बघताच. इतक्या लांब येऊन असं परतणं फार जिवाला लागतं, म्हणून हे सगळ्यात आधी लिहिते आहे.

कॅटमाय राष्ट्रीय उद्यानाला जाणारा रस्ताच नाही. अँकरेजहून साधारण तासाभराचं विमान किंग सॅमनला येतं. तिथून नॅकनेक नदीवरून पाण्यावर उतरणारं छोटं विमान निघतं आणि वीसेक मिनिटांत उद्यानातल्या ब्रूक्स कॅम्प या तळाच्या किनाऱ्याला लागतं. होडीनेही जाता येतं, वेळ जास्त लागतो. या छोट्या विमानात बसण्याआधी सामानाचं वजन होतं, तसंच माणसांचंही. एका खांद्यावर मावेल एवढीच पिशवी घ्या. विमानाखालच्या तरंड्यावरून वाळूवर उतरायचं असतं, तेव्हा घोट्याच्या वरपर्यंत पाण्याला दाद न देणारे बूट हवेत.

उतरल्यावर पायाखाली बघा. सगळे अस्वलं शोधत झाडीकडे बघतात, पण नॅकनेक सरोवराच्या या काठावर फिकट, जाळीदार, बोटांच्या चिमटीत मावणारे दगड पडलेले असतात. एक उचलून पाण्यात टाकला तर तो तरंगतो. हा प्यूमिस. लाव्हारसातला वायू फसफसून बाहेर पडताना रस गोठला की दगडाला अशी जाळी पडते. मी बावीस वर्षं साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवला, प्यूमिस पाण्यावर तरंगतो असं दरवर्षी सांगितलं, आणि तो तरंगताना प्रत्यक्ष पहिल्यांदा इथे पाहिला. दगड उचलून बघावा आणि परत ठेवावा. राष्ट्रीय उद्यानातून काहीही नेणं बेकायदा आहे.

किनाऱ्यावरून थेट माहितीकेंद्रात नेतात. अस्वलांशी कसं वागायचं याचा वर्ग केल्याशिवाय कोणालाही पुढे सोडत नाहीत. अस्वलापासून किमान ४५ मीटर अंतर ठेवायचं, पळायचं नाही, वाटेवर बोलत किंवा टाळ्या वाजवत चालायचं म्हणजे अस्वल दचकत नाही. ते आपल्याकडे येऊ लागलं तर बाजूला होऊन वाट त्याला द्यायची. आणि साध्या पाण्याशिवाय खाण्यापिण्याचं काही अंगावर ठेवायचं नाही. डबा एका बंद खोलीत ठेवतात आणि खायचं ते विजेच्या कुंपणातल्या जागेत. ताईच्या जाकिटात बडीशेपेची डबी निघाली, तीही तिथे गेली. च्युइंगम, खोकल्याच्या गोळ्या, लहान मुलांच्या खिशातली बिस्किटं, सगळं आठवून काढा. एकदा अस्वलाला कळलं की माणसाकडे खाऊ मिळतो, की पुढे त्या अस्वलाचाच जीव धोक्यात येतो. हा नियम मला फार पटला.

आता महत्त्वाचा निर्णय. दिवसभरासाठी आलेले बहुतेक लोक वर्ग संपताच, अस्वलं जिथे सॅमन मासे पकडतात त्या धबधब्याकडे धावतात आणि संध्याकाळी परत जातात. सकाळी नऊला तिथून एक बस निघते, ३७ किलोमीटर आत ‘दहा हजार धुरांच्या दरी’च्या तोंडापर्यंत जाते आणि दुपारी साडेचारच्या सुमारास परत येते. ती घ्या, असं मी मनापासून सांगेन. त्यासाठी सकाळचं पहिलं विमान आणि परतीचं शक्य तितकं उशिराचं विमान मागून घ्या. जुलैत रात्री अकरापर्यंत उजेड असतो, आमचं परतीचं विमान आठचं होतं. अँकरेजहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना दोन्ही जमत नाही, म्हणून मुक्काम किंग सॅमनलाच हवा. बसची जागा विमानाच्या आधी पक्की करा, कारण बस दिवसातून एकदाच जाते.

रस्ता कच्चा आहे. बस तीनदा वाहत्या पाण्यातून जाते. वाटेत स्प्रूसचं जंगल, मग खुरटी झुडपं, मग एका वळणावर झाडं विरळ होतात आणि रेंजरबाई बस थांबवून नुसतं हाताने दाखवतात. खाली डोंगरांच्या कुशीत हिरव्याचा ठिपकाही नसलेलं एक सपाट मैदान पसरलेलं आहे. फिकट गुलाबी, पिवळट, राखाडी. त्याला नद्यांनी सुरीने चिरल्यासारखं कापलंय.

६ जून १९१२ ला दुपारी इथे ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि साधारण ६० तास चालला. विसाव्या शतकातला हा आकारमानाने सर्वांत मोठा उद्रेक. १९८० साली अमेरिकेतल्याच सेंट हेलेन्स ज्वालामुखीतून निघालेल्या लाव्हारसाच्या सुमारे तीसपट रस इथून निघाला. १२०० किलोमीटरवरच्या जुनोमध्ये आवाज ऐकू आला, तोही तासाभराने, आवाजाला तेवढा प्रवास करावा लागला म्हणून. १६० किलोमीटरवरच्या कोडियाकमध्ये भर जूनमध्ये, जेव्हा रात्र जेमतेम होते, तेव्हा तीन दिवस काळोख होता. हात लांब करून धरलेला कंदील दिसत नव्हता म्हणतात. दरीच्या आसपासची, इथल्या मूळ रहिवासी अलुटिक लोकांची गावं कायमची सुटली. कॅटमाय गावचे लोक पुढे नव्या ठिकाणी, पेरीव्हिलला वसवले गेले. बसमधून दिसणारी ही दरी कुणाच्या तरी शिकारीची, येण्याजाण्याची वाट होती, हे रेंजरबाईंनी आवर्जून सांगितलं.

मला सर्वांत गुंतवून टाकणारी गोष्ट पुढची. स्फोटानंतर कॅटमाय पर्वताचा माथा नाहीसा झालेला दिसला आणि त्या जागी खोल विवर, आता त्यात सरोवर आहे. साहजिकच सगळ्यांनी ठरवलं की फुटला तो कॅटमाय. १९१६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रिग्ज नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या मोहिमेतून खिंडीवर पोचला तेव्हा पूर्ण दरीभर हजारो वाफारे उठत होते. नाव त्याने दिलं. त्याच्या माणसांनी वाफाऱ्यांवर तवा धरून स्वयंपाक केला. त्याचाही समज तोच होता. १९५० च्या दशकात राखेची जाडी जागोजागी मोजल्यावर उलगडलं की रस बाहेर पडला तो कॅटमायपासून दहा किलोमीटरवरच्या नोव्हारुप्टा नावाच्या नव्या तोंडातून. कॅटमायच्या पोटातला रस जमिनीखालून तिकडे वाहून गेला आणि पोकळ झालेला डोंगर आत बसला. आधारच काढून घेतल्यावर भिंत खचावी तसा.

आपण बेसाल्टच्या देशातली माणसं. सह्याद्रीचे कडे म्हणजे पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेल्याचे, लाखो वर्षांचे. इथला रस घट्ट, वायूने भरलेला, म्हणून तो वाहिला नाही, उडाला. तापलेली राख आणि प्यूमिस ढगासारखे जमिनीलगत धावत आले आणि सुमारे १०० चौरस किलोमीटरची दरी पहिल्याच दिवसात भरून गेली. काही ठिकाणी भर दोनशे मीटर जाडीची आहे. खाली गाडल्या गेलेल्या ओढ्यांचं पाणी उकळून वर येत होतं, ते ‘धूर’. राख निवली तसे ते विझले. आज तुम्हाला धूर दिसणार नाही, तो बघायच्या अपेक्षेने जाऊ नका. दूर मार्टिन किंवा मॅगीक पर्वताच्या माथ्यावर वाफेची रेघ दिसली तर तेवढंच. १९६५ आणि १९६६ मध्ये अपोलोचे अंतराळवीर चंद्रावरच्या कामाच्या तयारीसाठी इथे आले होते. समोर बघितल्यावर त्याचं कारण सांगावं लागत नाही.

टोकाला एक छोटं केंद्र आहे, तिथे डबा खायचा. तिथून खाली उकाक धबधब्याकडे वाट उतरते, एका बाजूने अडीच किलोमीटरच्या आत. उतरा. वरून दरी चित्रासारखी दिसते, खाली तिचा स्पर्श कळतो. येताना चढ चांगलाच दमवतो. गुडघ्यांचं दुखणं असेल तर वरच बसा, दृश्य वरूनही पूर्ण आहे. भावोजी वरच थांबले आणि त्यांना अजिबात चुकल्यासारखं वाटलं नाही. वारा सुटला की राख डोळ्यांत जाते. ती शंभर वर्षांपूर्वीचीच राख आहे, जोराच्या वाऱ्यात आजही उडून कोडियाकपर्यंत जाते आणि विमानांना इशारे द्यावे लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी चष्मा घालावा. घळींच्या काठाशी जाऊ नये. राखेचे काठ आतून पोखरलेले असतात आणि गढूळ पाण्याची खोली कळत नाही. नोव्हारुप्टापर्यंत या सहलीत जाता येत नाही, त्यासाठी तंबू पाठीवर घेऊन दोन-तीन दिवस चालावं लागतं.

साडेचारला परत आलो आणि लगेच पुलावरून पलीकडे निघालो. ब्रूक्स नदीवरचा हा उंच लाकडी पूल २०१९ पासून आहे. त्याआधी पाण्यालगतचा तरता पूल होता आणि अस्वल जवळ आलं की तासन् तास रहदारी थांबायची. धबधब्यापर्यंत जंगलातून साधारण दोन किलोमीटर. टाळ्या वाजवून हात दुखले, तेव्हा ताई आणि मी तेराचा, चौदाचा पाढा मोठ्याने म्हणत गेलो. धबधब्यासमोरच्या मचाणावर एका वेळी चाळीसच माणसं सोडतात. पोचताच नाव नोंदवा आणि थांबायचा वेळ खालच्या मचाणावर काढा, तिथूनही भरपूर दिसतं. भर दुपारी दोन तास थांबावं लागतं असं कळलं. आमचा नंबर पाऊण तासात लागला, कारण दिवसभराचे लोक परतू लागले होते. दरी सकाळी आणि अस्वलं संध्याकाळी, या क्रमाचा हा फायदा.

धबधबा जेमतेम दोन मीटर उंच. नायगारा डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर आधी शोधावा लागेल. पण त्याच्या काठावर, खालच्या फेसात आणि प्रवाहात मिळून मी चौदा अस्वलं मोजली. समुद्रातून आलेला सॉकाय जातीचा सॅमन वरच्या सरोवराकडे अंडी घालायला निघालेला असतो आणि ही पायरी त्याला उडी मारून चढावी लागते. एक मोठा नर काठावर उभा, मान पुढे, जबडा किंचित उघडा. मासा उडतो तो नेमका त्याच्या तोंडापुढून. चार-पाच उड्या वाया जातात, मग एक कचकन पकडतो. दुसरा खाली खळाळत्या पाण्यात बसल्या बसल्या पायाखाली चाचपत होता. तिसरा स्वतः मासे धरतच नव्हता, ज्याने धरला त्याच्याजवळ जाऊन उभा राहायचा. चांगल्या जागा मोठ्या नरांच्या. एक मादी दोन पिल्लांना काठच्या स्प्रूसवर चढवून खाली आली, घाईने एक मासा घेतला आणि परत झाडीत गेली. सारा वेळ तिचे कान मागे, झाडाकडे वळलेले होते.

आपल्याकडे अस्वल म्हटलं की विदर्भात पहाटे मोहाची फुलं वेचायला गेलेल्या माणसांवर झालेले हल्ले आठवतात. तिथे माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली, एकाच फुलांसाठी येतात. इथे अस्वलाला माणसाकडून काही नको असतं. नदीत मासा मुबलक आहे आणि माणसं रोज त्याच वाटेने, त्याच मचाणावर, काही न खाता उभी राहतात. या शिस्तीवरच सगळं टिकून आहे, म्हणून खिशातल्या बडीशेपेचा एवढा बाऊ.

कधी जावं? जूनअखेर ते जुलै धबधब्यावरची उडी बघायला. सप्टेंबरमध्ये अस्वलं नदीच्या खालच्या भागात असतात, अंडी घालून दुबळे झालेले मासे खाऊन प्रचंड गलेलठ्ठ झालेली. मोठा नर साडेचारशे किलोच्या पुढे जातो. ऑगस्टमध्ये मात्र अस्वलं पांगतात, सुट्ट्या जुळतात म्हणून तो महिना निवडू नका. जुलैतही गारठा आणि पाऊस असतो, तेव्हा स्वेटर, रेनकोट आणि डोक्यावरून घ्यायची डासांची जाळी न्या. मोबाइलला रेंज नाही. शाकाहारी असाल तर डबा किंग सॅमनहून बांधून न्यावा, आम्ही थालीपीठं नेली होती. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, पण विमानं आणि मुक्काम यांमुळे सहल महागच पडते. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी धबधब्यावर कॅमेरे आहेत, ‘एक्सप्लोर’च्या संकेतस्थळावर थेट दिसतात. वेळेत साडेतेरा तासांचा फरक आहे, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे सात. साताऱ्यात आई जेवणं आटपून रोज तेच बघत बसते, काही अस्वलं तिला क्रमांकाने ओळखू येतात.

आठचं विमान साडेआठला सुटलं. आम्ही कुंपणाआड रांगेत उभे होतो आणि किनाऱ्यावर एक मादी पिल्लाला घेऊन चालत आली. रेंजरने हात वर केला, सगळे गप्प. पायलट तरंड्यावर उभा राहून वाट बघत होता. पिल्लू मध्येच थांबलं, वाळूतला एक फिकट दगड त्याने नाकाने ढकलला, पंजाने पाण्यात लोटला. दगड तरंगू लागला. पिल्लू त्याच्याकडे बघत राहिलं, आई पुढे निघून गेल्याचं कळेपर्यंत.