टायर चेक

स्वाहिलीत 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर गाडीतले दोघे केनियन मला 'दादा' म्हणत होते आणि मी मनातल्या मनात धुमसत होते, की केस बारीक कापले म्हणून काय झालं! आमच्या कॅमेरामनना सगळे काका म्हणतात. त्यामुळे आम्ही दोघं भाऊ-बहीण आहोत अशी कॅम्पभर समजूत झाली होती. काका साठीचे आहेत. मी ती समजूत शेवटपर्यंत दूर केली नाही.

नैरोबी, नारोक, मणके ढिले करणारा रस्ता, तंबू. प्रवासाबद्दल एवढं पुरे. मसाई मारा अभयारण्याच्या उत्तरेला मसाई कुटुंबांच्या जमिनी एकत्र करून राखीव कुरणं केली आहेत. जमीनमालकांना दर महिन्याला भाडं मिळतं, पर्यटकांच्या गाड्या मोजक्याच सोडतात आणि रस्ता सोडून गवतात गाडी घालता येते. चित्रीकरणाला हेच हवं असतं. आम्ही फेब्रुवारीत तीन आठवडे होतो. परत आल्यावर भेटेल तो विचारतो, "नदी ओलांडणारे प्राणी बघितलेस का?" अहो, कळपांचं ते स्थलांतर साधारण जुलै ते ऑक्टोबर! फेब्रुवारीत मी नदीत फक्त पाणघोडे बघितले आणि त्यांचा वास घेतला.

माझं काम सहायकाचं. बॅटऱ्या चार्ज करायच्या, लेन्सवरची धूळ उडवायची, कॅमेरा टेकवायच्या बीनबॅगेतून सांडलेले तांदूळ गोळा करायचे आणि रात्री कार्डांच्या दोन-दोन कॉप्या काढायच्या. पहिल्या संध्याकाळी आमच्या मसाई वाटाड्याने सांगितलं, उद्या "सा कुमी ना मोजा". मी विमानात आकडे पाठ केले होते. अकरा वाजता! म्हणून निवांत झोपले. स्वाहिली घड्याळ दिवसा सूर्योदयापासून आणि रात्री सूर्यास्तापासून मोजतं, त्यांचे अकरा म्हणजे आपले पहाटेचे पाच. काका तंबूबाहेर उभे राहून माझ्या नावाने शंख करत होते.

पहाटे थंडी कडाक्याची असते, कारण हा मुलूख पंधराशे मीटरच्या वर आहे. विषुववृत्त म्हणून मी दोन टी-शर्ट आणि एक पातळ जॅकेट नेलं होतं. उरलेले दिवस मसाई शाल पांघरून काढले.

माग काढणं म्हणजे जमिनीकडे बघणं, असं मला वाटायचं. आमचा वाटाड्या जमिनीकडे क्वचितच बघे. तो बघायचा टोपीकडे. टोपी नावाचं एक हरीण आहे (हो, टोपीच). ते वारुळावर चढून पहारेकऱ्यासारखं उभं राहतं. दोन-तीन टोपी एकाच दिशेला टक लावून बघत असले की तिकडे कुणीतरी आहे. मग दुर्बीण, मग ठसे. चित्त्याच्या ठशात नखं उमटतात, कारण त्याला ती बिबट्यासारखी पूर्ण आत ओढता येत नाहीत. मी रोज विचारायचे, "दुमा?" दुमा म्हणजे चित्ता. तो म्हणायचा, "बादो." अजून नाही. 'नाही' म्हणायला त्याच्याकडे दुसरा शब्द असेल, पण त्याने तो माझ्यापुढे कधी वापरला नाही.

नवव्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी ती सापडली. मादी आणि तीन पिल्लं, मानेवर अजून राखाडी केसांची झूल. हिंगणबेटाच्या झाडाखाली. ते झाड बघून मला आजोळ आठवलं, आमच्या शेताच्या बांधावर असंच एक काटेरी हिंगणबेट आहे. जमीनही तीच, काळी, भेगाळ. सहाव्या दिवशी दुपारच्या एका सरीने त्या काळ्या मातीत आमची लँड क्रूझर चार तास रुतली होती, तेव्हाही आजोळच आठवलं होतं, फक्त शिव्यांसकट.

तर ती झोपली. आम्ही बसलो. दहा वाजल्यावर ऊन तापलं की लांबच्या लेन्समधून सगळं पाण्यातल्यासारखं हलतं, ते फुटेज कामाचं नसतं. पण चित्ता दिवसा कधीही शिकार करतो, म्हणून सोडून जाता येत नाही. बारा. एक. टॉमीचा कळप, म्हणजे थॉमसन गझेल, चरत चरत जवळ येत होता. ती मान उचलायची, बघायची, परत आडवी. काकांचा हात कॅमेऱ्यावरून हलला नव्हता.

आणि मी सकाळपासून तीन थर्मास चहा प्यायले होते.

त्या भागात गाडीतून असं कुठेही उतरायचं नसतं. उतरायचंच असेल तर "टायर चेक" म्हणायचं. ड्रायव्हर गाडी जनावराच्या नजरेआड, उंचवट्यापलीकडे नेतो, आजूबाजूचं झुडूप न झुडूप बघतो, मग आपण मागच्या चाकाशी. पुरुष हे हसत हसत बोलून टाकतात. मी दीड तास बोलले नाही. दोन वाजून पस्तीस मिनिटांनी बोलले. कॅमेरा गाडीच्या दाराला जोडलेला, म्हणजे गाडीबरोबर कॅमेराही जाणार. काका काहीच बोलले नाहीत, नुसती लेन्सवर टोपी घातली.

जेमतेम सहा मिनिटं. परतलो तर झाडाखाली फक्त पिल्लं, तिन्ही मागच्या पायांवर उभी राहून एकाच दिशेला बघणारी. चारशे मीटरवर तिने टॉमीच्या नरड्याला धरलं होतं.

वाटाड्या मागे वळून म्हणाला, "पोले, दादा." पोले म्हणजे 'वाईट झालं' असं काहीतरी. त्यात दोष नसतो, म्हणूनच जास्त लागलं.

झाडापलीकडे दुसऱ्या एका कॅम्पची गाडी उभी होती. आत नैरोबीचं गुजराती कुटुंब, तीन पिढ्या. ते आम्ही गेल्यानंतर आले होते. आजीबाईंनी खिडकीतून विचारलं, "क्यां गयां हतां तमे?" आणि नातवाने मोबाइल पुढे केला. चौदा सेकंदांचा व्हिडिओ. चित्र डगमगतं, कोपऱ्यात कुणाचं तरी बोट, आवाजात "जो, जो, जो!" पण त्यात सगळं होतं. ती दबून निघाली ते शेपूट सुकाणूसारखं फिरवत वळली तिथपर्यंत. काकांनी तो तीनदा बघितला आणि मुलाला म्हणाले, "छान धरलायस." मुलाला मराठी कळलं नसावं, पण तो लाजला. आजीबाईंनी डब्यातून थेपले दिले. मी चार खाल्ले. अपराधी वाटत असताना एवढी भूक का लागते कोण जाणे.

पुढचा अर्धा तास ती नुसती धापा टाकत बसली. खायचंही त्राण नव्हतं. मग तिने पिल्लांना हाक मारली, पाखरासारखी, बारीक चिवचिव. एवढ्या जनावराचा असा आवाज! पिल्लं गवतातून उड्या मारत आली. तरस यायच्या आत जमेल तेवढं खायचं होतं. तोंडं लाल झाली, एक पिल्लू कान धरून ओढत होतं. ते सगळं आमच्याकडे आहे, छान उजेडात. धाव नाही.

रात्री उगाली आणि सुकुमा विकी होती, म्हणजे मक्याची घट्ट उकड आणि हिरवी पालेभाजी. काका मीठ मागण्यापलीकडे बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी अर्धा कपच चहा घ्यायला लागले. दुपारी डोकं ठणकायचं. सोळाव्या दिवशी दुसऱ्या एका मादीची धाव मिळाली, लांबून, अर्धी गवताआड. काका म्हणाले, चालेल. चालेल म्हणाले म्हणजे नाही चालणार.

शेवटपर्यंत रोज पहाटे गाडी सुरू व्हायच्या आधी वाटाड्या मागे वळून अगदी गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "दादा, टायर?"

मी म्हणायचे, "बादो."