बातलच्या पाण्यात तीन गाड्या

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यात, काझाला मुक्कामाच्या ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले की मनाली एकशे नव्वद किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि "आरामात सहा तास" लागतील. आम्हाला सव्वाचौदा तास लागले. त्यांपैकी साडेपाच तास एकट्या बातल ते छत्रू या बत्तीस किलोमीटरांनी खाल्ले. मध्यम वजनाची ॲडव्हेंचर गाडी (डांबरावर आणि कच्च्या वाटेवरही चालणारी मोटारसायकल) घेऊ पाहणाऱ्यांच्या ज्या प्रश्नांची उत्तरे मला शोरूममध्ये मिळाली नाहीत आणि सहा फुटी परीक्षकांच्या चित्रफितींतही मिळाली नाहीत, ती या पट्ट्यावर गुडघाभर बर्फगार पाण्यात उभी असताना मिळाली. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्याच बत्तीस किलोमीटरांविषयी आहे. शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो मार्गे काझापर्यंतचे पाच दिवस छान गेले, त्यांविषयी यापलीकडे लिहिण्यासारखे काही नाही.

आम्ही तिघे होतो आणि गाड्याही तीन होत्या. माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०: ४५२ सीसी, सुमारे ४० अश्वशक्ती, पेट्रोलसह वजन १९६ किलो, पुढचे चाक २१ इंची. माझ्या दिरांची होंडा ट्रान्साल्प: ७५५ सीसी, सुमारे ९२ अश्वशक्ती, २०८ किलो, चाके २१ आणि १८ इंची. माझ्या मामेभावाची जुनी केटीएम ३९० ॲडव्हेंचर: ३७३ सीसी, सुमारे ४३ अश्वशक्ती, १७७ किलो, पुढचे चाक १९ इंची आणि मिश्रधातूचे (अलॉय). माझी उंची पाच फूट चार इंच आहे, आणि हा आकडा वरच्या सर्व आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे. भाऊजी पाच फूट अकरा इंच आहेत, त्यामुळे निघण्यापूर्वी त्यांनी मला दिलेला सल्ला (वहिनी, मोठीच घ्या, एकदाच काय ते होऊन जाईल) त्यांच्या उंचीवरून दिलेला होता.

कागदावर हिमालयन आणि ट्रान्साल्प यांच्यात जेमतेम बारा किलोंचा फरक दिसतो, तर २०२३ साली दोन्ही गाड्या आल्या तेव्हा किमतीत सुमारे चौपटीचा फरक होता, त्यामुळे ज्याला परवडते त्याने मोठी घ्यावी असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. मात्र कागदावरचे वजन हे सामान न लावलेल्या गाडीचे असते. भाऊजींनी गाडीला लोखंडी सांगाडा, दोन धातूच्या पेट्या, वर तंबूची पिशवी आणि पाच लिटरचा पेट्रोलचा डबा लावला होता. आम्ही काझाला निघण्यापूर्वी सामान वेगवेगळे उचलून अंदाज घेतला, तेव्हा त्यांचे सामान चाळीस किलोंच्या पुढे आणि माझ्या दोन मऊ पिशव्या अठराच्या आसपास भरल्या. बारा किलोंचा फरक असा पस्तिशीकडे गेला होता आणि तो बराचसा आमच्या हाताने केलेला होता.

पेट्रोलच्या डब्याची तर गरजच नव्हती. पिओजवळ पोवारीला टाकी भरली की काझापर्यंत पोहोचता येते आणि काझाचा पंप सोडल्यावर मनालीपर्यंत मामेभावाच्या गाडीची १४.५ लिटरची टाकीही पुरते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवस काढला तरी पुरते. "स्पितीत पेट्रोल मिळत नाही" म्हणून डबा विकणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

काझाहून मनालीकडे जाताना लोसरनंतर आणि बातलच्या आधी लागणारी कुंझुम खिंड सुमारे ४,५५० मीटरवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो आणि इंजिनाला प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचे प्रमाण सांभाळून घेते, गाडी धूर ओकत नाही की बंद पडत नाही, पण नसलेली हवा ते आणू शकत नाही. त्यामुळे चाळीसची गाडी चोवीस-पंचवीसची होते, ब्याण्णवची पंचावन्नच्या आसपास येते. लोसरहून खिंडीकडे चढताना भाऊजी पुढे निघून गेले ते यामुळेच, आणि त्या तासाभरात मोठ्या इंजिनाचा मला खरोखर हेवा वाटला. मामेभावाची पंचाईत वेगळी होती. त्या इंजिनाची ओढ मिनिटाला सात हजार फेऱ्यांच्या आसपास शिगेला पोहोचते, म्हणजे सुट्या दगडांवर चालण्याच्या वेगाने चढताना तो जोर हाताशी नसतो, आणि मग क्लच अर्धा दाबून इंजिन फिरत ठेवावे लागते. खिंडीत पोहोचेपर्यंत त्याच्या क्लचमधून जळका वास येऊ लागला होता. अशा वेळी गाडी वीस मिनिटे बंद ठेवावी. आम्ही ठेवली आणि पुढे त्रास झाला नाही.

उतारावर माझी पाळी आली, आणि चूक सर्वस्वी माझी होती. दगडांवर पकड मिळावी म्हणून मी मागच्या टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली होती आणि माझ्या गाडीला स्पोकच्या चाकात ट्यूब आहे. एका धारदार दगडावर चाक आपटले आणि ट्यूब दगड व रिम यांच्यामध्ये चिमटली गेली. बाहेर काढून पाहिली तेव्हा सापाने दात लावावेत तशी शेजारी-शेजारी दोन भोके होती. ट्यूबच्या गाडीला सामानासह २४ पीएसआयच्या खाली नेऊ नये. मागचे चाक काढणे, टायर लिव्हरने कड उचलणे, नवी ट्यूब चिमटू न देता बसवणे आणि पायपंपाने हवा भरणे यात पाऊण तासाहून अधिक वेळ गेला. मामेभावाला आदल्या दिवशी खिळा लागला होता तेव्हा त्याने ट्यूबलेस टायरमध्ये प्लग ठोकून दहा मिनिटांत काम आटोपले होते. त्याने हे मला त्या पाऊण तासात तीनदा सांगितले. उलट बाजूही लिहिते: संध्याकाळपर्यंत त्याच्या पुढच्या रिमची कड एका जागी वाकली होती. स्पोकचे चाक वाकले तर ते ओढून बरेचसे सरळ करता येते. मिश्रधातूचे चाक तसे सरळ करू गेल्यास तडकू शकते. ट्यूबवाल्यांनी जागा वाचवायची असेल तर फक्त पुढच्या २१ इंची चाकाची ट्यूब न्यावी, ती वेळ निभावण्यापुरती मागच्या चाकातही बसते.

बातलला आम्ही बाराला पोहोचलो आणि जेवून साडेबाराला निघालो. संपूर्ण प्रवासातील सर्वांत मोठी चूक ती हीच. या वाटेवरचे नाले हिमनद्यांच्या वितळण्यावर वाहतात, त्यामुळे सकाळी घोट्याएवढे असणारे पाणी ऊन चढल्यावर दुपारी दोन-तीनला गुडघ्यापर्यंत येते आणि सोबत तळाचे दगडही हलवते. बातल किंवा लोसरला मुक्काम करून सकाळी आठच्या आत नाले ओलांडणे हाच शहाणपणा आहे, आणि सहा तासांचा हिशेब सांगणाऱ्याने याविषयी चकार शब्द काढला नव्हता.

वाटेतल्या छोटा दर्रा या ठिकाणाच्या अलीकडच्या एका नाल्यात भाऊजी शिरले. ते उभे राहून, नजर पलीकडच्या काठावर ठेवून, अगदी शिकवल्याप्रमाणे चालले होते. मध्यावर पुढचे चाक कलिंगडाएवढ्या गोल धोंड्यावरून घसरले, त्यांनी डावा पाय टेकवला आणि पायाखाली तळ लागला नाही. गाडी आडवी झाली, इंजिन बंद पडले. उठताच त्यांचा अंगठा स्टार्टरकडे गेला आणि मी काठावरून जिवाच्या आकांताने ओरडले, "भाऊजी, स्टार्टरला हात लावू नका!" हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, ते सिलिंडरमध्ये शिरलेले असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो आणि मग गाडी ट्रकमधूनच परत जाते. सुदैवाने ते थांबले.

आता ती गाडी उचलण्याविषयी. ४,००० मीटरच्या आसपास, मांड्यांपर्यंत भिजलेल्या तीन माणसांना, जिच्या पेट्यांत पाणी भरत आहे अशी अडीचशे किलोंची गाडी उचलता येत नाही. आम्ही दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा श्वास घेण्यासाठी ती परत पाण्यात सोडावी लागली. तिसऱ्या खेपेला पेट्या सोडवायला गेलो, पण त्यांच्या कुलपांच्या चाव्या भाऊजींच्या आतल्या खिशात, हातमोज्यांसकट सुन्न झालेल्या बोटांपलीकडे. तेवढ्यात पलीकडे थांबलेले तीन जण आले, त्यांनी गाडी काठावर आणली आणि दीड हजार रुपये मागितले. ते रास्त होते, आम्ही दिले. नंतर उरलेल्या दोन गाड्या सोबत धरून पार करण्याचे प्रत्येकी दीड हजार मागितले आणि नोटा हातात पडल्यावर सामान उचलून आणण्याचे आणखी पाचशे. एका नाल्याचे पाच हजार झाले. भाव पाण्यात उतरण्यापूर्वी आणि "सगळे मिळून" असा ठरवावा. गाडी आडवी झाल्यावर घासाघीस करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. स्पार्क प्लग काढून, इंजिन फिरवून पाणी बाहेर काढणे आणि एअर फिल्टर तपासणे यात आणखी सव्वा तास गेला.

आम्ही हे करत असताना हीरो एक्सपल्स २०० वरची दोन मुले आली. ती गाडी या वर्गातच मोडत नाही. ताकद आमच्या निम्मीही नाही, वजन १६० किलोंच्या आसपास. एक मुलगा मध्यावर अडकला, खाली उतरला, हँडल धरून गाडी चालती ठेवली आणि तिच्या शेजारून चालत काठावर आला. पुणे-बंगळूर महामार्गावर त्याच गाडीवर बसणे शिक्षा ठरेल हे मला मान्य आहे, पण त्या क्षणी मी माझी गाडी तिच्याशी अदलाबदल करून दिली असती.

म्हणून माझी मते थकलेल्या खांद्यांची आहेत हे गृहीत धरून वाचावीत. घरापासून हिमालयापर्यंत महामार्गाने चालवत जाणार असाल, सोबत तीन धडधाकट माणसे असतील आणि उंची पाच फूट नऊ इंचांच्या वर असेल, तर ट्रान्साल्पसारखी गाडी घ्यावी. २३० किलोंच्या सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८०० डीईचा विचार मात्र या वाटेसाठी करूच नये, ती लांब पल्ल्याच्या रस्त्यांसाठी ठेवावी. आमच्यासारखे पुण्याहून दिल्लीपर्यंत गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठवणार असाल, तर मोठ्या इंजिनाचा मुख्य लाभ आपण रेल्वेच्या पार्सल डब्यातच सोडून दिलेला असतो. बहुतेक प्रवास घाटातल्या डांबरावर असेल तर जुनी ३९० वळणांत सर्वांत चपळ आहे, फक्त तिच्या ८५५ मिलिमीटर उंच आसनावर आधी बुटांसह बसून पाहावे. हिमालयन ४५० चे आसन ८२५ वर येते, खालची मोकळी जागा २३० मिलिमीटर आहे, आणि तिघींत मी पुन्हा हीच निवडेन, पण १९६ किलो हे माझ्यासाठी जास्त आहेत आणि ते कमी आहेत असे कोणी सांगितल्यास त्याला ती गाडी एकट्याने उचलायला लावावी. धातूच्या पेट्या कोणत्याही गाडीला लावू नयेत. मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सुट्या दगडांच्या उतारावर बंद करावा आणि प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा तपासावा, कारण बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की तो परत चालू झालेला असतो.

छत्रूच्या पुढे ग्रांफूला डांबर लागले तेव्हा सव्वासात वाजले होते. टायरमध्ये हवा भरताना भाऊजींनी माझ्या मऊ पिशव्यांचे पट्टे दोनदा ओढून पाहिले आणि त्या कितीला मिळाल्या ते विचारले.