पुतळ्यांच्या माळेतले व्हेनिस

मराठी दागिन्यांचे आकार बहुतेक शेतातून, परसातून आणि देवघरातून आलेले आहेत. बोरमाळेत बोरे आहेत, कोल्हापुरी साजात जवमणी आहेत आणि त्याच साजाच्या पानांत कारले, बेलपान, मासा, कासव, शंख आणि चंद्र आहेत. हे आकार कुठून आले, हे कोणाला विचारावे लागत नाही. पुतळ्यांची, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या गोल चकत्यांची, माळ मात्र फार लांबून, व्हेनिसहून आली आहे, आणि ते कळल्यापासून जुन्या दागिन्यांवरील नक्षी मी अधिक सावकाशीने पाहू लागले.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२८४ मध्ये, जोव्हानी दांदोलो हा तिथला डोज, म्हणजे निवडून आलेला राज्यप्रमुख असताना, सोन्याचे ड्युकॅट पाडायला सुरुवात केली. त्याचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, व्यास साधारण दोन सेंटिमीटर, आणि सोने त्या काळी जितके शुद्ध करता येत असे तितके. १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक संपवेपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षे, हे नाणे जवळजवळ त्याच वजनात, त्याच कसाचे आणि त्याच चित्राचे निघत राहिले. ठळकपणे बदलत गेले ते केवळ डोजचे नाव. नाण्याच्या एका बाजूला व्हेनिसचा रक्षक संत मार्क उभा आहे, त्याच्यापुढे डोज गुडघे टेकून बसला आहे, आणि दोघांच्या मध्ये ध्वजाची उभी काठी आहे, जी संत डोजच्या हाती सोपवतो आहे. दुसऱ्या बाजूला बदामी आकाराच्या चौकटीत आशीर्वादाचा हात उचललेला येशू ख्रिस्त असून त्याच्या दोन्ही अंगांना चांदण्या आहेत. कडेच्या लॅटिन ओळीत, ज्या राज्यावर तुझीच सत्ता आहे ते हे राज्य तुलाच अर्पण असो, अशा आशयाची प्रार्थना आहे. राज्य ही देवाची ठेव असून राज्यकर्ता ती संताच्या हातून गुडघे टेकून स्वीकारतो, हा त्या चित्राचा मूळ अर्थ.

पाचशे वर्षे चित्र बदलले नाही, यामागे व्यापाराचे कारण होते. मिरी, मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात ही नाणी अलेक्झांड्रिया, कैरो आणि तांबड्या समुद्रातील बंदरांच्या मार्गे गुजरात, कोकण आणि मलबारच्या किनाऱ्यावर येत. इथल्या सराफाला लॅटिन येत नव्हते. तो नाणे कसोटीवर घासून पाही, काट्यात तोली, आणि मग त्या चित्राची ओळख मनात पक्की करी. उभा माणूस, बसलेला माणूस, मधली काठी, मागे चांदण्यांची महिरप, एवढे दिसले की त्याला सोन्याची हमी मिळे. चित्रात थोडा जरी फरक केला असता तरी दूरदेशीच्या बाजारात संशय उभा राहिला असता, आणि हे व्हेनिसच्या टांकसाळीला पुरते ठाऊक होते. भडोचला १८८० च्या दशकात सापडलेल्या मध्ययुगीन नाण्यांच्या साठ्यात दिल्लीच्या सुलतानांच्या आणि इजिप्तच्या मामलुकांच्या नाण्यांबरोबर ही व्हेनिसची नाणीही होती. पुढे मराठी मुलखात त्यांना पुतळी म्हणू लागले, आणि सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची जी यादी आहे, तिच्यात पुतळी आहे.

नाणे गळ्यात आले ते याच विश्वासामुळे. अडीअडचणीला मोडता येईल असे शुद्ध सोने स्त्रीच्या अंगावर असावे, या हिशेबात पुतळी चपखल बसली. तिला कडी डागायची आणि पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घ्यायची, एवढेच काम उरत असे. केरळमध्येही याच नाण्याला आमाडा म्हणत आणि त्याच्या माळा होत. गळ्यात आल्यावर मात्र चित्राला अर्थ हवा होता. रोज अंगावर वागवायची आणि लक्ष्मीपूजनाला ताम्हनात ठेवून हळदकुंकू वाहायची ती आकृती अनोळखी राहणे शक्यच नव्हते. ज्यांनी रामटंका, म्हणजे राम-सीतेचे चित्र असलेली पूजेची नाणी, पाहिल्या होत्या, ज्यांच्या देवघरात राम-सीतेचा टाक होता, त्यांना दोन आकृतींत राम आणि सीता दिसले, आणि चांदण्यांची महिरप ही देवामागची प्रभावळ झाली. याला कोणी अडाणीपणा म्हणू नये, असे मला मनापासून वाटते. चित्रातील उभ्याची थोरवी, बसलेल्याची नम्रता आणि आशीर्वादाचा हात या स्त्रियांनी अचूक ओळखला होता. त्यांनी फक्त देवाचे नाव आपले दिले.

आमच्या घरातील जुन्या माळेत दोन जातींच्या पुतळ्या मिसळलेल्या आहेत, आणि भिंगाखाली त्या शेजारी शेजारी ठेवल्या की सारा प्रवास दिसतो. एका पुतळीवर अक्षरे झिजलेली असली तरी ती अक्षरे आहेत. काठीच्या कडेने एकाखाली एक डोजच्या पदाची तीन अक्षरे लागतात, आणि संताच्या झग्याच्या चुण्या मोजता येतात. दुसरी इथल्याच कोणा कारागिराने केलेली नक्कल असावी. तिच्यावर अक्षरांच्या जागी उभ्या रेघा आणि ठिपके आहेत, झग्याच्या चुण्या नेसूच्या निऱ्यांसारख्या खाली उतरल्या आहेत आणि ध्वजाची काठी केवळ एक रेघ झाली आहे. बसलेली आकृती जवळपास उभी राहिली आहे. चांदण्या मात्र जशाच्या तशा आहेत. कारागिराला जे वाचता येत नव्हते ते त्याच्या हातून विरत गेले, आणि ज्यात त्याला प्रभावळ दिसली ते त्याने जपून उतरवले. अशा नकला भारतात बऱ्याच झाल्या, आणि त्या सगळ्या काही हिणकस सोन्याच्या नव्हत्या.

पुढची पायरी म्हणजे आज कोल्हापूरच्या गुजरीत किंवा कोणत्याही सराफी पेठेत मिळणारी पुतळी. ती पातळ पत्र्यावर ठसा उठवून केलेली असते आणि तिच्यावर बहुधा कमळातील लक्ष्मी असते. घडण सुबक असते, सोने कमी लागते, आणि त्यामुळे ती अनेकींना परवडते, हे चांगलेच आहे. नाण्याशी तिचे नाते आता गोल आकारापुरते उरले आहे.

जुनी माळ हाती आली तर आधी कडी पाहावी, असे मी सांगेन. कडी कोणत्या आकृतीच्या डोक्यावर डागली आहे यावरून डागणाऱ्याने वरची बाजू कोणती मानली ते कळते, आणि कोणती बाजू अंगाला घासून गुळगुळीत झाली आहे यावरून घालणारीने दर्शनी बाजू कोणती ठेवली ते कळते. आमच्या माळेत येशूची बाजू झिजून सपाट झाली आहे आणि दोन आकृतींची बाजू ठसठशीत आहे, म्हणजे घालणाऱ्यांनी राम-सीता समोर ठेवले होते. एका सराफाने ही माळ आटवून नवी करून घ्या, असे सुचवले होते. वजनात फारसा फरक पडणार नाही, हे त्याचे म्हणणे खरेच होते, पण मुशीत गेल्यावर या दोन बाजूंचा निराळा झिजलेपणा कोणालाच परत वाचता आला नसता. म्हणून आम्ही फक्त कुजलेले रेशीम बदलून घेतले आणि प्रत्येक पुतळी होती त्याच बाजूने पुन्हा गाठवली.