तेल महागल्यावर शेतात काय टिकेल: पाणी, नांगरट आणि नत्र

स्वस्त तेलानंतरच्या जगाबद्दल बोलणारे साधारण दोन गटांत बसतात. एकाला वाटतं सौर आहे, बॅटरी आहे, इथेनॉल आहे, माणूस वाट काढतोच. दुसऱ्याला दिसतात उभे राहिलेले ट्रॅक्टर आणि उपाशी शहरं. दोघांचेही अंदाज चुकलेले आहेत. अमेरिकी भूशास्त्रज्ञ हबर्ट यांनी 1956 मध्ये सांगितलं की अमेरिकेचं तेल उत्पादन फार तर 1970च्या आसपास शिखर गाठेल. 1970 मध्ये ते गाठलंही, आणि निराशावाद्यांना वाटलं गणित सुटलं. पुढे शेल नावाच्या खडकातून तेल काढायची रीत आली आणि 2018 मध्ये तो जुना उच्चांक मोडला. आशावाद्यांनाही 2008च्या जुलैत धक्का बसला. तेल पिंपामागे 147 डॉलरवर गेलं तेव्हा त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

विहीर आटावी तसं तेल एका दिवशी संपत नाही. सोपं तेल आधी निघतं, मग अवघड. मुंबईजवळच्या समुद्रातला बॉम्बे हायचा साठा 1974 मध्ये सागर सम्राट या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने शोधला, 1976 पासून तेल येऊ लागलं, 1980च्या दशकात उत्पादन शिखरावर होतं आणि नंतर उतरत गेलं. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. त्यामुळे आपल्याकडे प्रश्न 'तेल आहे का' एवढा नाही. ते कुठल्या भावाने आणि किती भरवशाने मिळेल, हा आहे.

आशा की निराशा हे एकदम ठरवू नये, कामाकामाने ठरवावं. शेती हे त्यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण, कारण तिथे प्रत्येक काम मोजता येतं.

लिटरपासून सुरुवात करू. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. इंजिनातून त्यातली 3 युनिट कामाला येते, बाकीची उष्णता होऊन जाते. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर अर्धा ते पाऊण युनिट काम करतो. म्हणजे एक लिटर डिझेल हे पाच माणसांच्या दिवसभराच्या मेहनतीइतकं, आणि ते मिळतं 90 रुपयांच्या घरात. एवढ्या पैशांत एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरीही भागत नाही. स्वस्त तेल म्हणतात ते हेच, आणि भाव दुप्पट झाला तरी ते मजुरीपेक्षा स्वस्तच राहतं. म्हणून लोक शेवटपर्यंत डिझेलच वापरतील, बदल उशिरा करतील. माझी खरी काळजी या उशिराची आहे.

पहिलं काम पाणी. इथे मी मनापासून आशावादी आहे. एक हजार लिटर पाणी 30 मीटर उचलायला निव्वळ 0.08 युनिट लागतात. पंप आणि मोटरमधली गळती धरून 0.16 ते 0.2 युनिट. 5 एचपीचं डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला एक लिटरभर डिझेल पितं. तेच काम 5 एचपीचा सौर पंप सुमारे 5 किलोवॅटच्या पॅनेलवर करतो. पाणी साठवता येतं, म्हणून बॅटरीची गरज नाही. तेलाला इतका सरळ पर्याय दुसऱ्या कुठल्याच शेतीकामाला मिळालेला नाही. महाराष्ट्र सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 आणि त्याहून जास्त जमिनीला 7.5 एचपी मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5.

पण पंप बसला म्हणजे काम झालं असं नाही. बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. हेड, म्हणजे पाणी किती उंच उचलायचं ते, हिवाळ्यात मोजतात, तेव्हा विहिरीत पाणी वर असतं. मे महिन्यात पातळी 15-20 मीटर खाली गेली की त्याच पंपाचा फ्लो निम्मा होतो. मोजमाप मे महिन्यातल्या पातळीवरच घ्यायला हवं, आणि पाणी नसताना मोटर बंद करणारं ड्राय-रन संरक्षण कंट्रोलरमध्ये चालू आहे ना ते पाहायला हवं. पॅनेल एकामागे एक जोडलेली असतात, त्यामुळे बांधावरच्या एका बाभळीची सावली दोन पॅनेलवर पडली तरी सगळ्या माळेची वीज पडते. कनेक्टर नीट दाबलेला नसेल, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत घातलेले असतील, तर डीसी प्रवाहाची ठिणगी सुरू होते आणि प्लास्टिक वितळतं. वर्षातून दोनदा हात लावून पाहावं, इतरांपेक्षा गरम लागला तर बदलावा. वळवाच्या पावसात कंट्रोलर जळतात. तिथे बहुतेकदा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतत राहायचं, आकाशातली वीज झेलणाऱ्या वीजरोधकाची अर्थिंग वेगळ्या खड्ड्यात न्यायची. पॅनेल सकाळी गार असताना धुवायची. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.

आणखी एक गोष्ट, जी पंपवाले सांगत नाहीत. डिझेलचा खर्च उपशाला आपोआप आळा घालायचा. सौर पंपाला रोजचा खर्चच नाही, त्यामुळे ऊन आहे तोवर तो चालूच राहतो. बोअरवेलच्या भागात हे फार धोक्याचं आहे. ठिबक आणि पाण्याचा ताळेबंद सोबत नसेल तर तेलाची अडचण सोडवताना आपण भूजल संपवू. पंपाची गरज नसते ते महिने वाया घालवू नयेत. युनिव्हर्सल कंट्रोलर घेतला तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी आणि पिठाची गिरणी चालते.

दुसरं काम नांगरट. इथे आशा पातळ होते. पलटी नांगराने एकराला 6 ते 8 लिटर डिझेल लागतं, रोटाव्हेटरला 5-6, नुसत्या कल्टिव्हेटरला 3 लिटरच्या आसपास. 8 लिटर म्हणजे प्रत्यक्ष कामाची 24 युनिट. बाजारात आलेल्या छोट्या विजेच्या ट्रॅक्टरची बॅटरी 25 युनिटच्या आसपास असते. म्हणजे खोल नांगरटीचा जेमतेम एक एकर, आणि मग पुन्हा चार्जिंग. फवारणी, कोळपणी, वाहतूक यांना तो चांगला, नांगरटीला नाही. इथेनॉलही इथे कामाला येत नाही, कारण ते पेट्रोलमध्ये मिसळतं आणि ट्रॅक्टर डिझेलवर चालतो. शिवाय उसाच्या एक लिटर इथेनॉलला 2,860 लिटर पाणी लागतं, असं नीती आयोगाचाच अहवाल सांगतो.

मग बैल? क्यूबाने ते करून दाखवलं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथे येणारं तेल काही वर्षांत निम्म्यावर आलं. सरकारने चीनकडून दहा लाखांहून जास्त सायकली घेतल्या, हवानातल्या मोकळ्या जागांवर कंपोस्टचे वाफे उभे राहिले, नांगराच्या बैलांची संख्या दुपटीच्या पुढे गेली. आशावादी इथवर सांगतात. त्याच काळात लोकांचं वजन घटलं आणि 1992-93 मध्ये पन्नास हजारांहून जास्त लोकांना डोळ्यांच्या आणि हातापायांच्या नसांचा आजार झाला. अन्नात ब जीवनसत्त्वं कमी पडली हे त्यामागचं मोठं कारण. घरोघरी गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली. देश मोडला नाही हेही खरं, आणि आजही तो अन्न मोठ्या प्रमाणात आयात करतो हेही खरं.

आपल्याकडे बैल परत आणायला वेगळीच अडचण आहे, आणि ती चाऱ्याची आहे. बैलजोडी दिवसाला पाव ते अर्धा एकर नांगरते, वखराने दोन-अडीच एकर पाळी घालते, तिफणीने तीन-चार एकर पेरते. पण मराठवाड्यात आणि विदर्भात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि कडबा गेला. सोयाबीनचं काड कडब्याची जागा घेऊ शकत नाही. ट्रॅक्टरने बैल घालवला असं म्हणतात. माझ्या मते पीकबदलाने त्याची वैरण आधीच काढून घेतली होती.

म्हणून नांगरटीचं खरं उत्तर कमी नांगरणं हे आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली भाताची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत त्याच वाटेची: एकदाच गादीवाफे करायचे, चिखलणी आणि नांगरट थांबवायची, साच्याने ठरलेल्या अंतरावर छिद्रं पाडून बी टोकायचं, पीक कापल्यावर मुळं जमिनीतच ठेवायची. मुळं कुजून पोकळ्या होतात, गांडुळं येतात, पाणी मुरतं. अवघड जातं ते तण. नांगर थांबला की पहिली दोन-तीन वर्षं तण जोर करतं, आणि ते बहुतेक तणनाशकाने मारलं जातं. तणनाशकही पेट्रोलियमच्याच साखळीतलं. आच्छादन पुरेसं असेल तर फवारण्या कमी होतात, पण पाचट जाळण्याची सवय सुटल्याशिवाय आच्छादन येणार कुठून?

तिसरं काम नत्र, म्हणजे पिकाला लागणारा नायट्रोजन, आणि माझी झोप उडवणारं हेच. डिझेलची चर्चा सगळे करतात, युरियाची कोणी करत नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन प्रचंड दाबाखाली जोडून अमोनिया, त्यातून युरिया. एक टन युरियाला साधारण 6 गिगाकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे 45 किलोच्या एका गोणीत सुमारे 30 लिटर डिझेलइतकी ऊर्जा गेलेली असते. अनुदानामुळे गोणी 266 रुपयांना पडते, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हे उसाला लावून पाहा. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या दीड वर्षाच्या उसाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्र. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे हेक्टरी 870 किलो युरिया, एकरी पावणेआठ गोण्या. डिझेलच्या मापात एकरी 230 लिटर! नांगरटीचे 8 लिटर त्यापुढे काहीच नाहीत. एकराला लागणारं सगळ्यात मोठं 'तेल' ट्रॅक्टरच्या टाकीत नसून खताच्या गोणीत असतं.

ही गोणी एका रात्रीत काढून घेतली तर काय होतं ते श्रीलंकेने 2021 मध्ये पाहिलं. एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात बंद करायचं जाहीर केलं, नोव्हेंबरपर्यंत निर्णय फिरवावा लागला. त्या बंदीच्या फटक्याने भाताचं उत्पादन कोसळलं आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. सेंद्रिय शेती चुकीची होती म्हणून हे झालं नाही. जमिनीला, शेणखताला आणि शेतकऱ्याला तयारीला वेळच दिला नव्हता.

तयारी म्हणजे काय, तेही मोजता येतं. टाकलेल्या युरियातलं 30 ते 40 टक्केच नत्र पिकाला मिळतं. बाकीचं अमोनिया होऊन उडतं, नायट्रेट होऊन निचऱ्याबरोबर जातं. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत उडण्याचं प्रमाण जास्त. ओल्या जमिनीवर युरिया फेकून तसाच ठेवला आणि वर ऊन पडलं की नुकसान सगळ्यात मोठं. पहारीने किंवा कुदळीने 10 सेंटिमीटर खोल देऊन माती ओढली, हप्ते वाढवले, ठिबकातून दिला, तर एक-दोन गोण्या विनासायास वाचतात. नवं यंत्र न घेता होणारी ही बचत आहे, आणि म्हणून मला नत्राबद्दलही पूर्ण निराश होता येत नाही.

पुढची पायरी हिरवळीचं खत. ताग किंवा धैंचा एकरी 20 ते 25 किलो बी, 45-50 दिवसांनी फुलोऱ्याच्या तोंडावर गाडायचा. एकरी 25-30 किलो नत्र मिळतं, म्हणजे युरियाची सव्वा ते दीड गोणी. उशीर झाला तर खोड लाकडासारखं होतं, ते कुजवायला जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं. गाडल्यावर ओल नसेल तर ते तसंच पडून राहतं. शेणखतात नत्र अर्धा टक्का, एकरी पाच टनांतून 25 किलो. रायझोबियम, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र देणारे जिवाणू, दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम चोळून सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. गाठी आल्या नाहीत तर बहुधा पाकीट मुदत संपलेलं असतं, दुकानात उन्हात तापलेलं असतं, किंवा बियाण्याला बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्रच लावलेले असतात. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी.

ही सगळी बेरीज करूनही आडसालीचं 400 किलो नत्र भरत नाही. इथे निराशावादी बरोबर आहेत: आजचा ऊस आजच्या क्षेत्रावर वायूशिवाय उभा राहणार नाही. क्षेत्र कमी करावं लागेल, मध्ये हरभरा किंवा भुईमूग घ्यावा लागेल, आणि कारखान्यांच्या गाळपाचं गणित त्याप्रमाणे बदलावं लागेल. हे बोलायला कोणी तयार नाही, कारण उसाभोवती संपूर्ण तालुक्याचं अर्थकारण आहे.

सौर पंप काही महिन्यांत बसतो. नांगरट थांबवल्यावर जमीन बसायला तीन पावसाळे जातात. खोंड अडीच-तीन वर्षांचा झाल्यावर औताला धरतात, आणि पूर्ण कामाचा बैल व्हायला चौथं वर्ष उजाडतं. त्याला वैरण हवी: बैलाला दिवसाला 6 किलो सुका चारा धरला तर जोडीला वर्षाला 4.4 टन. भारी जमिनीत मालदांडी ज्वारीचा एकरी दोन-सव्वादोन टन कडबा निघतो, म्हणजे एका जोडीमागे दोन एकर ज्वारी. डिझेल स्वस्त आहे तोवर सोयाबीननंतर त्या दोन एकरांत रब्बी ज्वारी घेता येते, आणि ती पेरायची वेळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच असते.